खुर्च्यांची तोंडं

१

सकाळी अकराला फोनांची फेरी असते. अग्निशमन दल, पोलीस नियंत्रण कक्ष, मोठं रुग्णालय, वीज कंपनी, पाणीपुरवठा. पाच फोन आणि प्रत्येकाला एकच प्रश्न: आज काय? एकतीस वर्षं बातमीदारी केली, त्यातली निम्मी अक्कल मला या फेरीनं दिली. समोरचा बोलतो ते लिहून घ्यायचं, पण ऐकायचा त्याचा आवाज. 'सगळं शांत आहे' म्हणताना ज्याला धाप लागलेली असते, त्याच्या दारात पंधरा मिनिटांत जाऊन उभं राहायचं. हे मी कितीजणांना शिकवलं, त्याची मोजदाद नाही.

त्या सोमवारी मी फेरीचा तक्ता मागितला तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तक्ता भरलेला होता. पाचही रकान्यांत, एकाच पेनानं, 'शांत'.

"फोन कधी केलेस?" मी विचारलं.

"अजून नाही केले," क्रीडा पानवाला म्हणाला. गुन्हेवार्ता बघणारा नोकरी सोडून गेल्यापासून फेरी त्याच्या गळ्यात पडली होती. "रोज तेच असतं ना, सर. आधी भरून ठेवलं की बरं पडतं."

"आणि काही झालेलं असलं तर?"

"तर खोडू."

मी तक्त्याचे चार तुकडे केले. मग जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वृत्तकक्षात चौदा माणसं होती. पूर्वी मी असा तापलो की निम्मे हसायचे, दोघं-तिघं अंगावर यायचे आणि संध्याकाळपर्यंत भांडण पुरायचं. आता कुणी मान वर केली नाही. की-बोर्डांचा आवाज तेवढा चालू राहिला, पत्र्यावर कुणी मूठ मूठ रेती टाकत असावं तसा.

चिडलेल्या माणसाला समोर कुणीतरी लागतं. मी कात्रीकडे वळलो. कात्री म्हणजे आमचा तिसऱ्या पानाचा उपसंपादक. माझ्याच वयाचा. माझी तीस ओळींची बातमी बारा ओळींवर आणताना त्याला मनापासून आनंद व्हायचा, म्हणून हे नाव. तोही काम करत होता, पण काहीतरी चुकत होतं. काय चुकतंय ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. टेबल त्याच्यासमोर नव्हतंच. ते त्याच्या उजव्या हाताला होतं. खुर्ची डावीकडे वळवून तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि उजवा हात लांब करून, न बघता, टाइप करत होता.

त्या भिंतीवर काहीही नाही. एक खिळा आहे.

"काय रे, भिंतीशी सोयरीक जमवतोयस का?"

"इथून बरं वाटतं," तो म्हणाला.

२

दुपारी मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चौदा छापील अर्ज पसरले होते. 'आपल्या कामाविषयी आपल्याला कसं वाटतं? पाचपैकी गुण द्या.' असे दहा प्रश्न.

"बघा," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी सगळीकडे तीन दिलेत."

मी अर्ज चाळले. खरंच, तीन, तीन, तीन. रागावलेला माणूस एक देतो, खोटं बोलणारा पाच देतो. चौदा माणसांत एकही रागावलेला नाही आणि खोटं बोलण्याइतकी तसदी घेणाराही नाही.

"यालाच उदासीनता म्हणतात, सर. वेळेत ओळखली तर इलाज होतो. तुम्ही ज्येष्ठ आहात, तुम्ही थोडं बोललात तर..."

"तीस माणसांचं काम चौदा जणांवर टाकायचं आणि मग विचारायचं, बाळांनो, कसं वाटतंय? बाई, इलाज अर्जात नसतो."

"पण तुम्हाला तरी अजून वाटतं ना काहीतरी?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. एखादं भांडं अजून गळत नाही ना, हे बघतात तसं त्या बघत होत्या.

बाहेर आलो तर धाकटीचा फोन. धाकटी म्हणजे माझी बहीण. आता तिचेही केस पांढरे झालेत, पण घरात नाव तेच. ती तिसरीच्या वर्गाला शिकवते. अडतीस मुलं.

"दादा, काल मी भेग म्हणाले होते ना? पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत? आज तिच्यात माझी पेन्सिल गेली."

"पेन्सिल कशाला घातलीस?"

"मग काय घालू, नाक? सकाळी फळ्यावर वाळू पडली होती. तीन पत्रं दिली मी महापालिकेत, पोच आहे तिन्हींची. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी आदेश येईपर्यंत वर्ग हलवता येत नाही. तू पेपरात दे. तुझा पेपर आता लोक कपाटात अंथरतात, पण तरी दे." मग तिचा आवाज खाली आला. "छत पडायच्या आधी दे रे. पडल्यावर सगळेच देतील."

३

अकरा ओळी लिहिल्या. एकही विशेषण नाही. शाळा, वर्ग, अडतीस मुलं, भेग, तीन पत्रं, तारखा. कात्रीच्या हातात दिल्या.

मंगळवारच्या अंकात बातमी नव्हती. "राहिली," कात्री म्हणाला. बुधवारीही नव्हती. "पान भरलं होतं." कशानं भरलं होतं ते मी उघडून दाखवलं: एका दुकानाच्या उद्घाटनाचा तीन स्तंभी फोटो.

"अकरा ओळी आहेत रे! महाकाव्य छापायला नाही सांगत."

तो भिंतीकडे बघत होता. एव्हाना एकटा नव्हता. मंगळवारी संध्याकाळीच मी मोजलं होतं, नऊ खुर्च्या तशा होत्या. मी डोकं शाबूत असलेला माणूस आहे, म्हणून कारणं शोधली. खिडकीतून पडद्यावर उजेड येतो. वातानुकूलन यंत्राचा झोत मानेवर बसतो. या वयात पाठ धरते. प्रत्येक कारण एका खुर्चीला लागू पडत होतं, नऊ खुर्च्यांना एकही नाही. बुधवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी प्रत्येक खुर्ची सरळ केली. आमच्या खुर्च्या जुन्या आहेत, हलवल्या की फरशीवर किंचाळतात. दुपारी एक वाजता मान वर केली तर अकरा वळलेल्या. किंचाळी एकही ऐकू आली नव्हती.

"तोफ," कात्री अचानक म्हणाला. हे माझं नाव. त्यानंच ठेवलेलं. "बसथांब्याजवळचं उघडं गटार आठवतं?"

आठवत होतं. चार वर्षांत त्यानं त्या गटारावर सव्वीस बातम्या लावल्या होत्या. फोटो, पत्रं, चौकटी. एका बातमीसाठी जाहिरात विभागाशी हातघाईवर आला होता.

"सव्वीस वेळा कुणाचा फोन आला नाही. मग ती बाई पडली त्यात. सत्ताविसावी बातमी पहिल्या पानावर गेली. त्या दिवशी अंक कमी पडले. लोक दारात येऊन मागत होते." तो हसला नाही, रडलाही नाही. "तेव्हा मला कळलं, आधीच्या सव्वीस बातम्याही सगळ्यांनी वाचल्या होत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, कुठे बघायचं ते."

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. मी पाणी प्यायलो आणि महापालिकेत निघालो.

४

इमारत विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबलचक दालन, फायलींच्या कपाटांना कुबट वास, छताला आठ पंखे. शाळांचं काम बघणारा कारकून शेवटच्या टेबलाशी होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"शाळेच्या छताबद्दल तीन पत्रं आली आहेत तुमच्याकडे."

"आहेत," तो न वळता म्हणाला.

"मग?"

"मग आहेत."

"पाहणीला कोण गेलं?"

"पाहणीला कशाला जायला हवं? पत्रात सगळं नीट लिहिलंय की. बाईंचं अक्षर सुंदर आहे."

मी टेबलावर मूठ आपटली. दालनातले सोळाजण वळून बघतील, असं मला वाटलं. ते आधीच वळलेले होते, पण दुसरीकडे. सगळ्या खुर्च्या खिडकीच्या बाजूला. खिडकीला जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले, बाहेरचं काही दिसणं शक्य नाही.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. आमची खिळ्याची भिंत दक्षिणेची आहे. ही खिडकी उत्तरेची. म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, नोकरदारांची ही नवी खोड असेल, आणखी काय. जिना उतरलो, रस्ता ओलांडायला लागलो आणि मधोमध थांबलो. बातमीदाराला शहर पाठ असतं, डोळे मिटून. आमची कचेरी शहराच्या उत्तर टोकाला. महापालिका दक्षिण टोकाला. आम्ही दक्षिणेकडे तोंड करून बसतो, हे उत्तरेकडे. मध्ये सरळ रेषेत काय आहे? बस आगार, कापडबाजार आणि धाकटीची शाळा.

"ओ काका, मरायचंय का?" एका ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढून मला आईवरून शिवी घातली. त्या शिवीनं मला जवळजवळ रडू आलं. कुणीतरी अजून चिडत होतं.

तिथूनच अग्निशमन दलाला फोन लावला. म्हटलं, फेरीचा फोन नाही हा. शाळेचं छत पडायला आलंय, माणसं पाठवा.

"किती वाजता?" पलीकडच्यानं विचारलं.

"काय किती वाजता?"

"पडणार म्हणालात ना."

मी फोन कानावरून काढून बघितला, जणू चूक त्याची होती. पुन्हा कानाला लावला. त्या आवाजाला धाप नव्हती, झोप नव्हती, कंटाळाही नव्हता. मागे फरशीवर काहीतरी सरकलं.

"वेळ ठाऊक नसेल तर राहू द्या," तो समजुतीनं म्हणाला. "आम्ही आहोतच इथे."

५

गुरुवारी सकाळी मी ठरवून आलो होतो: बातमी स्वतः पानात बसवायची, कात्री मध्ये आला तर त्याला खुर्चीसकट उचलायचं. बसलो, लिहायला घेतलं. पहिल्या चार ओळी भराभर झाल्या. मग मानेत कळ आली. उजवीकडे मान का वळवावी लागतेय, म्हणून बघितलं तर माझं टेबल माझ्या उजव्या हाताला होतं.

मी कधी वळलो, मला माहीत नाही. पण वाईट ते नव्हे. वाईट हे, की बरं वाटत होतं. नाट्यगृहात दिवे मंद होतात, कुजबुज थांबते, पडदा अजून उघडायचा असतो, तेव्हा जसं वाटतं तसं. आता आपण काही करायचं नाहीये. आता फक्त होईल. एकतीस वर्षं मी पाठीवर काय वाहत होतो ते मला तेव्हा कळलं, कारण ते पाठीवर नव्हतं.

धडपडून उठलो. खुर्ची मागे पडली. कुणी बघितलं नाही. तेव्हा मी एक गोष्ट केली, जी सोमवारीच करायला हवी होती. मी त्या भिंतीपाशी गेलो, खिळ्याला पाठ लावून उभा राहिलो आणि माझ्या सहकाऱ्यांना समोरून बघितलं.

मला वाटलं होतं, विझलेले डोळे दिसतील. सुटलेले खांदे, उतरलेले चेहरे, त्या बाईंच्या अर्जात असतो तो रोग. तसं काही नव्हतं. क्रीडा पानवाल्याचे डोळे चमकत होते. काचेच्या केबिनमध्ये बाई मांडीवर अर्ज घेऊन ताठ बसल्या होत्या. कात्रीचे ओठ किंचित उघडे होते. इतका उत्सुक, इतका टवटवीत मी त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता. एकही चेहरा उदास नव्हता. ते वाट बघत होते.

"उठा!" मी ओरडलो. "अरे, अडतीस लेकरं आहेत तिथे! एकानं तरी उठा!"

कात्रीनं मान थोडी डावीकडे केली, मग थोडी उजवीकडे. मग अगदी मायेनं म्हणाला,

"तोफ, जरा बाजूला हो ना. दिसत नाहीये."

मी पळालो.

६

शाळा बैठी आहे, चार वर्गांची एक ओळ. समोर अंगण आणि अंगणाच्या तीन बाजूंना तीन-तीन मजल्यांची घरं. फाटकातून आत शिरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. धाकटीच्या वर्गातून पाढे ऐकू येत होते. मुलं कंटाळून, हेल काढून, एकमेकांना चिमटे काढत म्हणत होती. जगात अजून कुणाला तरी कंटाळा येत होता.

धाकटी दारात आली. मला भीती होती ती याच क्षणाची: ती म्हणेल, असू दे रे दादा. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग वर भेगेकडे. भेगेत आता पेन्सिल नाही, हाताचा पंजा गेला असता.

"बाहेर काढ सगळ्यांना. आत्ता."

"मुख्याध्यापक बैठकीला गेलेत."

"मग बरंच झालं."

"नोकरी गेली तर मी तुझ्याकडे येऊन राहीन, आणि वहिनीच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसेन, सांगून ठेवते." तिनं डस्टर टेबलावर आपटलं. "चला रे! दप्तरं राहू द्या. आज वर्ग अंगणात. ओळीनं. जो ढकलेल त्याला मी ढकलेन!"

दोन मिनिटं लागली. अडतीस पोरं खिदळत माझ्या अंगावरून बाहेर गेली. एकतीस वर्षांत माझ्या एकाही बातमीनं जे केलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं होतं. वर्ग रिकामा होता. पडायचं तर पड आता, मी छताला म्हटलं.

अंगणातली फरशी तापली होती. उड्या मारत मुलं ओरडायला लागली, बाई, चटका बसतो. "सावलीत या, सावलीत," धाकटी म्हणाली. सावली एकाच जागी होती. अंगणाच्या मध्यावर चार उंच खांबांवर त्या वस्तीची पाण्याची टाकी आहे, तिच्याखाली. गार, मोठी, गोल सावली. मुलं तिथे ओळी करून बसली.

मी फाटकाला टेकून दम खाल्ला आणि छत पडायची वाट बघू लागलो. ते पडलं नाही. तेव्हा माझं लक्ष खिडक्यांकडे गेलं.

प्रत्येक खिडकीत माणसं होती. सज्जांत, गच्चीच्या कठड्याशी, जिन्याच्या कोनाड्यात. एक शिंपी शिलाईयंत्र बाजूला सारून बसला होता. एक बाई मांडीवर तान्हं घेऊन. कुणी स्टुलावर, कुणी खुर्चीवर. कुणी बोलत नव्हतं. मी म्हटलं, बघा, बघत बसा, मी तुमचा खेळ मोडला. वर्ग माझ्या डाव्या हाताला होता.

डावीकडे कुणी बघत नव्हतं.

सगळ्यांच्या हनुवट्या थोड्या वर उचललेल्या होत्या. मी त्यांच्या नजरेमागून नजर नेली. मुलांच्या डोक्यांवरून, वर. जवळच्या खांबाचं सिमेंट कमरेच्या उंचीपासून थेट माथ्यापर्यंत गळून पडलं होतं आणि आतल्या गंजलेल्या सळया बाहेर वाकल्या होत्या. त्यांच्यावरून पाण्याची एक रेघ आवाज न करता खाली येत होती. ती मागच्या ओळीपर्यंत पोचली तशी दोन पोरं हसत पुढे सरकली. कुणीतरी सावकाश, एकेक बोट मोडावं तसा वरून आवाज येत होता.

रेषा शाळेतून जाते, एवढंच मला कळलं होतं. शाळेत नेमकी कुठे, हे मी माझं मीच ठरवलं होतं.

गुडघ्यांच्या मागे काहीतरी हलकेच टेकलं. शाळेचा म्हातारा शिपाई खुर्ची घेऊन आला होता.

"बसा साहेब. उन्हात उभं किती राहणार?"

"धाकटे," मी म्हणालो. किंवा म्हणालो असं मला वाटलं.

ती ओळींमधून फिरत, बोटानं डोकी मोजत होती. वर्गाबाहेर मुलं काढली की आधी मोजायची, हा तिचा नियम. तिनं माझ्याकडे न बघता दुसरा हात वर केला. "थांब रे दादा, मोजतेय. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून."

माझं तोंड उघडं होतं. त्यात शब्द होता, एकच, दोन अक्षरांचा. खुर्ची गार होती. पाठीवर काही नव्हतं. शिपाई अदबीनं वाकला. त्याचे डोळे मात्र वरच होते.

"काही म्हणालात का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

तिन्ही बाजूंच्या घरांतून खुर्च्या थोड्या पुढे सरकल्या.

"चौतीस," धाकटी मोजत होती. "पस्तीस. छत्तीस."